गहाळ नाही

दुपारचे तीन, आणि औलूत दिवस उरकलेला.
तळमजल्यावरची खोली. ओले बूट दाराशी,
रेडिएटरवर सहा जणांचे हातमोजे वाळत पडलेले.
ताइमी राउताकोस्की आल्या, कोट काढला, खुर्ची ओढली
आणि बोलल्याच नाहीत.

आम्ही वह्या उघडून बसलो. पेनं हातात.
पहिल्या दिवशी चुळबुळ करू नये, एवढी शिस्त
सगळ्यांच्याच अंगात असते.
अकरा मिनिटं.
बाराव्या मिनिटाला
दिवे गेले.

अंधारातून त्यांचा आवाज :
"खोलीच्या मते इथे कोणी नाही."
तेक्लेनं हसून हात हलवला. लख्ख उजेड.
"आता तिच्या मते कोणीतरी आहे.
कोण, कशापायी, दमलेलं की खुशीत, तिला पत्ता नाही.
तिला बोल लावू नका.
असणं म्हणजे हलणं, असं कुणीतरी कधी ठरवून टाकलं.
आजपासून ते कुणीतरी म्हणजे तुम्ही."

मग फळ्यावर एकच शब्द : संदर्भ.
मला वाटलं, प्रबंधाच्या शेवटच्या पानावरची यादी,
आडनाव, स्वल्पविराम, साल.
"वेळकाळ बघून बोलावं, हे तुम्हाला आईनं शिकवलं.
किती वर्षं लागली तिला?
यंत्रासाठी तुमच्याकडे चार आहेत, शिष्यवृत्ती धरून."

माझ्या वाट्याला तुइरातलं एक घर आलं,
दुसऱ्या मजल्यावर सुलो व्हारानिएमी, वय ब्याऐंशी,
गादीखाली एक पट्टी, दारावर एक डोळा,
आणि माझ्याकडे तीन लेबलं :
झोपलेला. जागा. बाहेर.

रोज रात्री तीन वाजता पट्टी हलकी व्हायची.
वीस मिनिटं. मग पुन्हा वजन.
आलेख सुंदर होता, दातेरी, एकसारखा.
मी खाली लिहिलं : निद्रानाश, बहुधा.
त्या 'बहुधा'चा मला अभिमानही होता.

ताइमींनी कागद परत सरकवला.
"त्यांना विचारलंस?"
मी म्हटलं, नमुना पुरेसा आहे, एक्केचाळीस रात्री.
"एक्केचाळीस रात्री तू त्यांच्या गादीला विचारलंस, आउने."

म्हणून गेले. बर्फ अजून कच्चा, सायकल ढकलतच.
सुलोंनी कॉफी ओतली, बशीत साखरेचा खडा ठेवला.
कागद कारखान्यात चौतीस वर्षं रात्रपाळी.
तीनला भोंगा व्हायचा, यंत्रांचा सूर खाली यायचा,
आणि वीस मिनिटं माणसांची.
"भोंगा बंद झाला. पोटाला कुणी कळवलं नाही."
तेवढं सांगून ते खिडकीकडे बघत राहिले,
जरा जास्तच वेळ.
मी पेन काढलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.
"मी उठतो हे कळू दे तुझ्या पेटीला.
पडलो तर कुणी यावं.
पण खिडकीशी काय करतो, ते माझं."

परतताना पुलावर थांबले.
प्रसंगावधान म्हणतात ते हेच का,
कधी बघायचं हे कळणं,
आणि कधी कळूनही मान वळवणं?
सेन्सरला मान नसते.
ती आपण द्यायची, दहा ओळींत, चाचण्यांसकट,
आणि ते मला तेव्हा येत नव्हतं. अजूनही नीट येत नाही.

तीन ते तीन-वीस. त्या रकान्यात
मी चौथं लेबल घातलं नाही.
पेटी तेवढी वीस मिनिटं फक्त एवढंच ऐकते,
धप्प असा आवाज झाला का.

वसंतात परीक्षकाचा शेरा आला, लाल अक्षरात :
पान ६८, तक्त्यात मूल्यं गहाळ. दुरुस्त करा.
मी उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
शेवटी राहिलं ते असं :
गहाळ नाहीत. सोडली आहेत.

ताइमींनी वाचलं, चष्मा डोक्यावर सरकवला,
विचारात बसल्या, अगदी निश्चल.
दिवे गेले.
हात कुणी हलवायचा, यावर आमचं काही ठरलेलं नव्हतं.