रकाना

तुर्बोच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
आमचं आरोग्य ठाणं. एक सूक्ष्मदर्शक, एक मी,
आणि एक पंखा, जो फक्त डावीकडे वळतो.

पहाटे ओबेन आला. कॅमेरूनचा.
अंगात दोन स्वेटर, तरी दातांचा कडकडाट.
त्याला माझी स्पॅनिश येत नाही, मला त्याची इंग्रजी.
मी हात पुढे केला, त्याने बोट दिलं.
तेवढं व्याकरण पुरलं.

थेंब पसरला. वाळू दिला. वर जांभळा रंग.
मग तेल, मग भिंग, डाव्या हातात मोजणीचं यंत्र, टिक, टिक,
दोनशे पांढऱ्या पेशी होईपर्यंत मान वर करायची नाही.

होतेच तिथे. खड्याच्या अंगठ्यांसारखे, बारीक,
आणि मधूनच काही वाकडे, थेट केळ्याच्या घाटाचे.
खिडकीबाहेर ट्रकामागून ट्रक केळी चालली होती,
हिरवी, स्टिकर लावलेली, अँटवर्पला.
या गावातून जे जातं ते याच आकारात जातं की काय,
असं मनात आलं आणि टिक दाबायची राहिली.
पुन्हा पहिल्यापासून.

फॉर्मवर एक रकाना असतो.
संसर्गाचं मूळ: स्थानिक / आयात.
एकावर फुली.

माझं नाव देयानिरा मोस्केरा.
आडनाव मालकाचं, कागदावर चिकटलं ते राहिलं.
शाळेतली पोरं मला डासीण म्हणायची,
तेव्हा कुणाला ठाऊक होतं मी पोट कशावर भरणार ते.
पणजीच्या पणजीचं नाव आमच्यात कुणालाच सांगता येत नाही.
कार्ताहेनाच्या बंदरात तिला उतरवताना
उंची लिहिली, दात लिहिले, खांद्यावरचा डाग लिहिला.
तिच्या रक्तात अंग चोरून बसलेला
तो बिनतिकिटाचा उतारू
एकाही कारकुनाने लिहिला नाही.
तो उतरला. दलदलीतल्या डासाच्या हाती लागला,
इथल्याच, पांढऱ्या पायांच्या,
ज्याच्या सात पिढ्यांनी आफ्रिका ऐकली नव्हती.
डास शिकला.
शिकायला त्यांना फार दिवस लागत नाहीत.

दुसरा एक ताप गोऱ्यांच्या अंगातून आला म्हणतात,
यकृतात महिनोन्‌महिने झोपा काढणारा.
आमच्यातल्या बहुतेकांच्या दारावर त्याला
वाजवायला कडीच सापडली नाही.
मग तो नदीच्या वरच्या अंगाला गेला,
जे कुठूनही आले नव्हते त्यांच्याकडे.

ओबेनने फोनमध्ये काहीतरी बोलून माझ्यापुढे धरलं:
हा घरून आणलेला, की वाटेत लागलेला?
मग बोटांवर वाट मोजून दाखवली. विमान, बस, बस,
होडी, पाच रात्री एका गोदामात, पुन्हा बस.
मी म्हटलं, काचेवर पत्ता नसतो.
यंत्राने त्याचं काय केलं देव जाणे,
तो पोट धरून हसला, आणि मग ओकला.

गोळ्या तीन दिवसांच्या. वेळा कागदावर चित्रांनी काढल्या,
सूर्य, चंद्र, सूर्य.
आणि ही एक वेगळी, त्या केळ्यांसाठी.
ही तुला बरं करत नाही, मी म्हटलं,
तुला चावलेला डास पुढे ज्याला चावेल
त्याच्यासाठी आहे ही.
हे त्याला कळलं की नाही, माहीत नाही.
पण त्याने ती सगळ्यांत आधी गिळली.

साडेसातला लाँच. आखात ओलांडायचं, पलीकडे जंगल.
धक्क्यावर जो तो आपलं सामान
कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत बांधतोय.
ओबेनने गोळ्या फोनच्या पिशवीत घातल्या,
ती पिशवी बुटात.
दहा किलोपर्यंत फुकट, पुढे किलोमागे पैसे.
लाँचवाल्याने काटा दोनदा बघितला,
एक पातेलं काढायला लावलं.
रक्ताचं वजन तो धरत नाही.

पातेलं माझ्या टेबलावर आहे.
रकाना अजून कोरा.
दुपारी सुपरवायझर येईल.