पट्टी

दारूखान्यात काढलेला फोटो : जहाजाच्या पत्र्यावरचा गंज.
मी म्हटलं, सूर्यास्त वाटतो.
फ्रेनीबाई म्हणाल्या, पसारा वाटतो.

काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन
त्यांनी प्रिंटवर सरकवले.
डावीकडचं आभाळ गेलं, क्रेनचा दोर गेला,
मधोमध थिजलेला निळा ओघळ
कडेला आला
आणि वाहायला लागला.

"अजून थोडं. हा अंगठा नको."
खालच्या कोपऱ्यात होता, काजळलेला,
गॅसकटरवाल्या इस्राफिलचा.
पत्रा उन्हाकडे तिरका
त्यानेच तर धरला होता.

कापला.
आता कशाचा फोटो, कुणाला कळणार नाही,
आणि नजर हलत नाही.

रात्री टेबलाखाली सापडली ती पट्टी,
दोन बोटं रुंद :
आभाळ, दोर, अंगठा.
काटकोन ठेवून पाहिले.
कुठेच काही कापता येईना.

फ्रेनीबाईंना अजून दाखवलेली नाही.