तोच कुत्रा

टर्कीच्या कारखान्यातली पाळी संपवून
नॉ सेर पॉ वर्गाला येते,
रबरी हातमोज्यांचा वास अजून बोटांना.
चर्चच्या तळघरात हीटर खोकतो.
मिसेस लिंडक्विस्ट फळ्यावर लिहितात :
पहिल्यांदा भेटला तर 'अ',
पुन्हा भेटला की 'द'.

तिच्या कॅरेन भाषेत असलं काही नाही.
कुत्रा म्हणजे कुत्रा,
ओळख असो नसो.

गृहपाठ : माझी गल्ली, पाच वाक्यं.
माझ्या गल्लीत अ डॉग आहे.
अ डॉग पांढरा आहे.
अ डॉग निळ्या घरात राहतो.
पहाटे चारला अ डॉग माझ्यावर भुंकतो.
पाचवं सुचत नाही.

बाईंचं लाल पेन तीनदा अडखळतं.
"सेर पॉ, कुत्रे किती?"
"एक."
"मग तोच ना हा?"
साउथ डकोटातला तिचा दुसरा हिवाळा.
"तोच आहे, बाई.
पण त्याला मी रोज नवीन."

वर्ग हसतो.
ग्वाटेमालाचा एलिसेओ तेवढा हसत नाही,
वहीत काहीतरी उतरवून घेतो.
बाई पेनाला टोपण लावतात.

मार्चमध्ये, बर्फाचा चिखल होताना,
एका पहाटे तो कुंपणापाशी येतो,
तिचा बूट हुंगतो बराच वेळ,
आणि परत जाऊन झोपतो.

कारखान्याच्या व्हॅनमध्ये, अंधारातच,
ती गुडघ्यावर वही धरून लिहिते :
द डॉग मला ओळखतो.

क्रियापदाचा एस मात्र
राहूनच गेला.