खुराड्याचा पत्रा

तुळशी तलावामागच्या टेकाडावर
चव्वेचाळीस साली विमान पडलं.
लढाई कुठल्या कुठे;
हे पोरगं नुसतं शिकत होतं.

आधी पोचला माझा आजा, लाडक्या वरठा,
मोहफुलांचं टोपलं काखेत तसंच.
साग पेटलेले. पोराच्या मनगटावर
घड्याळ चालू.
त्यानं ते काढलं नाही,
हात उचलून कानाशी नेला फक्त.

तिसऱ्या दिवशी गोरे आले.
पोराला नेलं, इंजिन नेलं,
स्क्रूसुद्धा मोजून नेले.
एक पत्रा राहिला.

अजून आहे, आमच्या खुराड्यावर.
आकडा पुसट: तीन, की आठ?
मागे एकजण विकत मागत होता.
दिला नाही.

उन्हात तापला की टकटकतो.
कोंबड्या तेवढ्यापुरत्या गप्प,
मग एखादी अंडं घालते.