परिशिष्ट सहा

समिती आली तेव्हा सोलापुरात बेचाळीस अंश.
खुर्च्यांवर अशोक चौकातल्या नव्या चादरी,
आणि वस्त्रनिर्माण पदवीची पाच वर्षं
मी एकशे अठ्ठावीस पानांत कोंबलेली.

अध्यक्ष माग-शाळेतच बसले, पंख्याखाली.
'निष्पत्ती दोन पूर्णांक चार. पुरावा?'
पुरावा परिशिष्ट सहामध्ये होता,
परिशिष्ट सहा झेरॉक्सवाल्याकडे.

मल्लेशम मेरगू पाणी घेऊन आला,
आमचा परिचर, आठवी नापास.
जाता जाता मागावरच्या कापडावरून त्याचा हात फिरला
आणि थांबला.
'म्याडम, हितं एक बाणा सुटलाय बघा की.
पोरीनं घाई केली. उसवाया लावतो.'

अध्यक्षांनी चष्मा पुसला, वाकले.
दिसेना.
मग बोट फिरवून पाहिलं,
आणि ओशाळून हसले. चांगला माणूस.

पण ते बोट मी कुठल्या रकान्यात भरू?

महिन्यानं पत्र आलं: मान्यता, अटींसह.
अट चार : परिचराची अर्हता नियमानुसार नाही,
खुलासा करावा.

खुलासा अजून लिहितेय.
पलीकडे तबस्सुम उसवतेय, जिभेचं टोक दातांत धरून,
आणि मल्लेशम मागं उभा,
काही न बोलता.