कमरेचं माप

माइल्स सिटीत मार्च म्हणजे नुसता वारा.
दार ढकलायला तिला खांदा लावावा लागला.
काउंटरवर पिस्तूल ठेवलं, रिकामं,
मॅगझिन वेगळं, स्लाइड मागे,
नुकतंच कुणीतरी शिकवल्यासारखं.
तळहाताएवढं. हल्ली अशीच खपतात.

मार्गिट सोरेन्सन. घरोघर जाणारी नर्स.
दिवसाला दोनशे मैल खडीचा रस्ता,
आणि नदीपल्याड एका पेशंटचा मुलगा,
जो दारात उभा राहतो
आणि बाजूला होत नाही.
एवढंच बोलली. मी खोदून विचारलं नाही.

चाळीस वर्षं कातडं शिवतोय.
आधी खोगिरं. आता खोगिरं कोण घेतं!
लोक पिस्तुलाचा नंबर सांगत येतात,
मी माप घेतो माणसाचं:
कॉफी कुठल्या हातानं ढवळता?
गाडीत बसलं की बक्कल कुठं टोचतं?
पोर कुठल्या कमरेवर बसतं?
जोडा कुठं चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं,
तेही संध्याकाळी.

ट्रिगर पुरता झाकलेला हवा, तिथं घासाघीस नाही.
तोंड कडक, पिस्तूल काढलं तरी मिटू नये.
उलटं धरून झटकलं तरी पडता कामा नये.
स्वस्तातली मऊ कापडी खोळ मी दुकानात ठेवत नाही;
तिच्यात पिस्तूल झोपतं,
आणि कधी कूस बदलेल सांगता येत नाही.

मग आम्ही एकेक लावून पाहिलं.
उजवीकडे, पट्ट्याच्या आत: वाकली
की निळ्या सदऱ्याला मागे उंटाचं वशिंड.
पोटापाशी: बसली की मांडीत रुतलं.
घोट्याला?
"मी गुडघ्यांवर बसून लोकांचे पाय धुते," ती म्हणाली.
काखेतलं तर मी काढलंच नाही.

कोपऱ्यात ओटचं पोतं होतं.
म्हटलं, हे उचला, पेशंट उचलता तसं.
तिनं पोत्याकडे पाहिलं.
"पोतं मला धरत नाही."
मग मलाच स्टुलावर बसवलं,
माझे हात स्वतःच्या कमरेभोवती नेले,
पाठीवर माझी बोटं एकमेकांत अडकवली.
"घट्ट धरा. घाबरू नका. एक, दोन..."

एक्काहत्तर वर्षांचा, एक गुडघा कामातून गेलेला,
मी उठलो. खरंच उठलो,
तिच्या केसांना जंतुनाशकाचा वास,
माझं कपाळ तिच्या खांद्यावर.
आणि माझ्या दहा बोटांना कळलं
की उजवीकडे जागा नाही, डावीकडे नाही,
मणक्यापाशी नाही.
जिथं जिथं मी खडूनं खूण करणार होतो
तिथं तिथं रोज
कुणीतरी जिवाच्या आकांतानं धरतं.

शेरिफच्या पोरांसाठी मी नमुने कापले,
बँकेच्या पहारेकऱ्यासाठी, डावखुऱ्या पाद्र्यासाठीसुद्धा.
याचा नमुना माझ्याकडे नव्हता.

तरी शिवलं.
नकली पिस्तुलावर ओलं कातडं चढवलं,
हाडाच्या पट्टीनं घासत घासत कड न् कड उठवली,
दोन दिवस वाळू दिलं.
पट्ट्याची क्लिप मात्र लावली नाही.
दोन स्क्रू, आणि पोलादी पेटी, कुलपाची,
तिच्या पिकअपच्या सीटखाली.

"दारापर्यंत हे यायचं नाही," मी म्हटलं.
"माहीत आहे."
पैसे मोजले, पावती मागितली,
वाऱ्यात दार पुन्हा खांद्यानं ढकललं.

काम चांगलं झालं होतं.
माझ्या हातची सर्वांत चांगली शिलाई
सीटखाली अंधारात धूळ खाते,
आणि ती कुणाच्या तरी पायऱ्या चढते, रिकाम्या कमरेनं.
बरं केलं की वाईट, ठाऊक नाही.

मे उजाडला. ती पुन्हा आली नाही,
तिच्याबद्दल काही कानावरही नाही.
फक्त स्टुलावरून उठताना
अलीकडे मी मोजतो.
एक, दोन.