न मोजलेली हवा

हॅल्वार मामाची व्होल्वो, शहाऐंशीची,
बंदराजवळच्या लाल दिव्याशी बंद पडायची.
दर वेळी नाही.
मागे बर्फ काढणारा ट्रक असला की हमखास.

टेस्फालेम म्हणाला, "हवा मोजणारा गेलाय."
तो रात्री टॅक्सी चालवतो, मी रात्री वॉर्डात असते,
त्यामुळे दुपार हीच आमची पहाट,
आणि हॅर्नोसांडमध्ये जानेवारीत
तिलाही फारसा उजेड नसतो.

गॅरेजात उणे एकोणीस.
स्क्रू तोंडात धरायचा नाही, ओठाला चिकटतो,
हे ठाऊक होतं. तरी धरला.

काळ्या नळकांड्यात, दोन जाळ्यांच्या मधे,
प्लॅटिनमची तार. केसाहून बारीक.
"ही सतत तापलेली असते," तो सांगतो,
"आत ओढलेली हवा हिला गार करते,
गार झाली की हिला पुन्हा तापवायचं.
तापवायला जेवढी वीज लागली,
तेवढी हवा गेली. एवढाच हिशेब."

अशी माणसं मला माहीत आहेत.
सहा नंबरच्या वॉर्डात दोन आहेत.

दुसरा सेन्सर ओर्नशोल्ड्सविकच्या भंगारवाल्याकडून आला,
तीनशे क्रोनर,
एका लोकरी मोज्यात गुंडाळलेला.
मोजणारा मोज्यात!
बसवला. दोन क्लिपा, एक प्लग,
प्लगची तारेची पिन उडून कुठेतरी गेली,
ती शोधण्यात अर्धा तास.

चावी फिरवली. सुरू झाली.
आणि काटा आठशे, चौदाशे, आठशे, चौदाशे,
जिना चढावा की उतरावा
हे न ठरलेल्या माणसासारखा.

तेव्हा फिल्टरच्या झाकणाखाली मला दिसलं
मामाचं पेन्सिलीतलं अक्षर:

८९, पाव आटा, उजवीकडे.
९३, पाव, उजवीकडे.
९४, परत पाव. पेट्रोलचा वास. चालेल.
२००१, अर्धा. इंगेगेर्डला सांगायचं नाही.

कारखान्याने त्या स्क्रूवर बूच मारलं होतं,
कुणी हात लावू नये म्हणून.
मामाने त्यालाच आधी भोक पाडलं.
वर्षानुवर्षं थोडं जास्त पेट्रोल,
आणखी थोडं जास्त,
कसली तरी भूक भागत नव्हती.

टेस्फालेमने हातमोजा काढला,
रबरी नळीच्या पोटाखालून बोटं फिरवली,
जिथे बघता येत नाही, नुसतं चाचपता येतं.
मग थांबला.
"इथे."
घडीत भेग. माझं करंगळीचं टोक आत गेलं.

म्हणजे तार खोटं बोलत नव्हती.
तिच्यासमोरून गेलेली हवा तिने इमानाने मोजली.
तिच्या मागून, चोरवाटेने, जी शिरत होती,
ती कुणाच्याच वहीत नव्हती.
आणि मामा बिचारा
स्क्रूशीच बोलत राहिला.

नवी नळी सोमवारी येणार. तोवर चिकटपट्टी, तीन वेढे.
नंतर मीटर लावून तिसऱ्या आणि सहाव्या पिनेमधे
तीनशे ऐंशी ओहम.
स्क्रू इतका हळू फिरवला
की फिरला की नाही तेच कळेना.
काटा नऊशेवर येऊन बसला, आणि बसून राहिला.
आम्ही दोघं काही बोललो नाही. थंडी होती.

एक चक्कर मारून आलो. बंद केली.
"आता झाकण काढ, बघ," तो म्हणाला, "एक, दोन, तीन…"
चौथ्याला तार क्षणभर लाल झाली,
दिवसभराची धूळ जाळून टाकली
आणि विझली.
मामाने हे कधी पाहिलं असेल का?

क्रामफोर्सच्या वृद्धाश्रमात फोन लावला.
"किती फिरवलंस?" त्याचा पहिला प्रश्न.
"नळी फाटली होती, मामा."
पलीकडे कुणाचा तरी टीव्ही.
"कुठून?"
"खालून."
बराच वेळ.
"खालून," तो म्हणाला. "हं. तिथे मी कधी हात घातला नाही."

झाकणावरचं पुसलं नाही.
खाली पेन्सिलीने तारीख टाकली,
पुढे लिहिलं: नळी.